गार पाणी आणि डिंकाचे लाडू

आमच्या घरात यकृत नावाचा अवयव नव्वदच्या दशकाअखेरच्या एका थंडीत आला. त्याआधी आम्हाला नुसतं पोट होतं.

देशपांडे नगरातल्या डॉक्टरांनी ह्यांची सोनोग्राफी केली आणि म्हणाले, "यकृतावर चरबी साठलीय. तूप, तळण, पेढे कमी करा. संक्रांतीनंतर पुन्हा बघू. फरक नसला तर पेढे कायमचे बंद!"

धारवाडच्या माणसाला पेढे बंद! बसने परतून मळमड्डीत घरी शिरताना हे म्हणाले, "त्यापेक्षा यकृतच काढून टाकलं तर?"

रडत बसणं माझ्या स्वभावात नाही. मी उपाय शोधते. तो त्याच संध्याकाळी सापडला, वर्तमानपत्राच्या कपट्यावर : थंडीत राहिलं की शरीर ऊब आणायला स्वतःची चरबी जाळतं. (पुढचा मजकूर तेलात बुडाला होता. कपट्यात मिरची भजी बांधून आली होती.)

मी लगेच वेळापत्रक केलं. पहाटे परसात, हौदातल्या गार पाण्याने आंघोळ. बंब बंद!

"आणि जेवण?" ह्यांनी भीतभीत विचारलं.

"नेहमीचंच. चरबी जाळायची तर आत जळायला काही नको का?"

लग्नानंतर प्रथमच ह्यांनी माझ्याकडे इतक्या आदराने बघितलं.

पहिल्या तांब्याला ह्यांनी अशी बोंब ठोकली की शेजारच्या शांताक्का कुंपणाशी धावत आल्या. "एनात्री, काय झालं? साप निघाला काय हो?"

"नाही हो अक्का, यकृताचा उपाय चाललाय!"

तेवढ्यात सासूबाई बाहेर आल्या. "काय करायलीस गं माझ्या अण्णाला? ओठ बघ कसे निळे पडलेत! थंडी बाधली म्हणजे?" त्यांनी लेकाच्या हातात तूप-मिरी घातलेलं गरम दूध दिलं आणि वर डिंकाचा लाडू. शांताक्कांनी कुंपणावरून लोण्याची वाटी पाठवली.

मी अडवलं नाही. माणूस टिकला तर उपाय टिकणार!

मग रोज तेच. पाणी जितकं गार, लाडू तितका मोठा. हे तर तांब्या अंगावर पडायच्या आधीच ओरडायला लागले, "आई, आज फार गार आहे गं, दोन काढून ठेव!" मी स्वेटर, शाल, मफलर घालून देखरेखीला उभी. पहाटेचं वारं मलाही लागतंच की! म्हणून एक लाडू माझा. (वारं सुटलं असेल तर दोन.)

संक्रांत झाली. डॉक्टरांनी सोनोग्राफीच्या पडद्यावर बघितलं, मग ह्यांच्याकडे, मग माझ्याकडे. "चरबी वाढलीय! काय केलंत काय?"

मी सगळं सविस्तर सांगितलं. अभिमानानेच.

"बाई," डॉक्टर डोकं धरून म्हणाले, "चार तांबे पाण्याने जळून जळणार किती? आणि थंडीने भूक भडकते. तुम्ही बंब विझवलात आणि लाकडं ह्यांच्या पोटात भरलीत!" मग मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाले, "आलाच आहात तर तुम्हीही झोपा टेबलावर."

माझं यकृत ह्यांच्यापेक्षा तुपाळ निघालं. पेढे दोघांचेही बंद झाले.

परतताना कोपऱ्यावर भज्यांची कढई उकळत होती. हे थांबले. "कागद तेवढा मागून घेऊ या का? पुढचं वाचायचं राहिलंय तुझं."

"नुसता कागद कोण देतो हो?" मी म्हटलं, आणि पावकिलो बांधून घेतली.