तपासायला नाही, दाखवायला

साहेबांनी माझा हात उचलला आणि माऊसवर ठेवला. वर स्वतःचा हात दाबला. घामेजलेला.

"असं. मी हलवीन तसा हलू दे. पाहुण्यांना वाटलं पाहिजे तूच करतेस."

मी म्हटलं, "सर, आंधळी माणसं माऊस वापरत नाहीत. मी की-बोर्डवर काम करते."

"त्यांना काय माहीत?" साहेब हसले. खोलीतले सगळे हसले.

ही तालीम होती. पाहुणे दुसऱ्या दिवशी मुंबईहून येणार होते.

मी चामोर्शीकडच्या एका खेड्यातली. ढिवराची पोर. बाप तळ्यात जाळं टाकतो, माय बाजारात मासे विकते. लहानपणी गोवर निघाला, डोळे गेले. नागपूरला अंधांच्या शाळेत शिकले. पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर तिथेच शिकले. त्या जोरावर चंद्रपूरच्या एका संस्थेत नोकरी लागली. संस्था बालवाडीच्या बायांसाठी इंटरनेटवर कोर्स काढत होती. तेव्हा आमच्याकडे ऑनलाइन हा शब्दच नवा होता. पैसे देणाऱ्या मुंबईच्या पाहुण्यांची अट होती की अपंगांनाही कोर्स वापरता आला पाहिजे. ते तपासायला मला घेतलं. असं मला वाटलं.

मी मनापासून तपासला. धडे म्हणजे छापील पानांचे फोटो. वाचून दाखवणाऱ्या मशीनला फोटो वाचता येत नाही, ते नुसतं म्हणायचं, ग्राफिक. पुढचं पान उघडलं, तरी ग्राफिक. जिथे टाइप केलेली मराठी होती तिथला फॉन्ट असा जुना, की मशीन बरळायचं. एक्स. स्लॅश. डॉलर. परीक्षेत तर चित्र ओढून चौकटीत न्यायचं, तेही माऊसनंच. एकेक पान ऐकलं, एकेक अडचण साहेबांना कळवली. वाटायचं, एटापल्लीकडची एखादी माझ्यासारखी पोर हे ऐकून शिकेल. बालवाडी चालवेल.

साहेबांनी बोलावलं.

"हे सगळं सुधारत बसलो तर कोर्स कधी सुरू करायचा? तुला काय वाटलं, तुला तपासायला घेतलंय? दाखवायला घेतलंय, बाळ."

बाळ. मी चोवीस वर्षांची होते.

त्याच दिवशी माझी पांढरी काठी कपाटात गेली. पाहुण्यांच्या पायात येईल म्हणे. कुलूप लागलं. राहायची खोली संस्थेतच, वरच्या मजल्यावर. काठी नाही म्हणजे जिना नाही, रस्ता नाही, एसटी स्टँड नाही. संडासला जायचं तरी मंदाबाईला हाक मारायची. मंदाबाई तिथे झाडलोट करायची. हाताला धरून न्यायची, आणि दाराबाहेर उभी राहायची. मी आत बसून रडायचे. आवाज न करता.

तालमीच्या दिवशी संध्याकाळी बापाला फोन केला. म्हटलं, बाबा, मले घरी याचं आहे.

"काऊन? काय झालं?"

मी सांगितलं. बाप म्हणाला, "साहेब हातच त धरते ना पोरी? धरू दे. साऱ्या गावाले सांगतलं म्या, पोरीले कम्प्यूटरची नोकरी लागली. इथी येऊन काय करशीन?"

मी फोन ठेवला. खाली साहेबांचं कुलूप, गावात बापाची इभ्रत. मी मधे.

दुसऱ्या दिवशी मला नवी साडी नेसवली. डोळ्यांवर काळा चष्मा चढवला. मी चष्मा घालत नाही. फोटोत बरं दिसतं म्हणाले. पाहुणे आले. अत्तराचा वास आला. साहेबांनी माझा हात उचलला, माऊसवर ठेवला, वर आपला दाबला. स्पीकरमधून एका बाईचा गोड आवाज सुरू झाला. पहिला धडा. तो मशीनचा आवाज नव्हता. आदल्या दिवशी ऑफिसातल्या मॅडमकडून वाचून घेतलेला होता.

"बघा," साहेब म्हणाले, "आमची अंध मुलगी स्वतः शिकतेय."

टाळ्या.

त्या टाळ्यांत माझं अंग आकसलं. आपल्याच कातड्यात कोंडल्यासारखं झालं. मी हात ओढला. साहेबांनी दाबून धरला. मी जोरानं ओढला. सुटला. मी की-बोर्ड चाचपला, तो गोड आवाज बंद केला आणि माझं मशीन सुरू केलं.

ग्राफिक. ग्राफिक. एक्स. स्लॅश. डॉलर. ग्राफिक.

सगळे ऐकत होते. मला वाटलं, आता तरी कळेल.

एक बाई म्हणाल्या, "किती हुशार आहे हो! मशीनची भाषा कळते हिला."

पुन्हा टाळ्या.

मी उभी राहिले. "टाळ्या काऊन वाजवून राह्यले तुमी? मले यातलं एक अक्षर वाचता येत नाई. कोन्याच आंधळ्याले येनार नाई. मघाचा आवाज खोटा होता."

शाळेनं शिकवलेली मराठी कुठे गेली कुणास ठाऊक. घरची बोली आली तोंडात.

साहेब हळूच म्हणाले, "बरं नाहीये तिला. मंदाबाई, वर न्या."

मी म्हटलं, "वर नाई जात. माही काठी आना."

मग मंदाबाई म्हणाली, "साहेब, चावी द्या. पोरीचे पाय कोंडून ठेवले तुमी." चावी मिळाली.

नोकरी गेली. कोर्स ठरल्यासारखा सुरू झाला. पेपरात माझा फोटो आला, काळ्या चष्म्याचा. खाली छापलं होतं की अंध मुलीनं कोर्स सहज हाताळला. गावातल्या मास्तरांनी बापाला वाचून दाखवलं. बापानं तो कागद चुलीत घातला आणि म्हणाला, "पेपरात फोटो आला, अन् नोकरी घालवून घरी आली."

मग मी चामोर्शीच्या सायबर कॅफेत गेले आणि त्याच कोर्सला नाव घातलं. विद्यार्थिनी म्हणून. बारावी झालेली, पूर्ण अंध, असं कॅफेवाल्याला फॉर्मवर लिहायला लावलं. प्रवेश मिळाला. नाकारायला त्यांच्याकडे कारण नव्हतं. त्यांचा कोर्स अंधांना चालतो, हे त्यांनीच छापून आणलं होतं.

मी ऑफिसला फोन लावला. "पहिला धडा ऐकू येत नाही. तक्रार घ्या."

पलीकडच्या मुलीनं आवाज ओळखला. घाबरून म्हणाली, "ताई, तुम्ही? साहेब चिडतील."

"चिडू दे. मी उद्या परत फोन करीन."

केला. त्याच्या दुसऱ्या दिवशीही केला. अजून धडा फोटोतच आहे. मी अजून त्यांची विद्यार्थिनी आहे. नाव काढून घ्या, असा निरोप आला होता. मी कळवलं, नाव निघणार नाही. मला शिकवा, नाहीतर आंधळ्यांना शिकवत नाही असं सही करून लिहून द्या.