क्लेमची गाडी का तापत होती

बिलारू गावात गॅरेज एकच, आणि ते नोरीनचं. खरं तर नवऱ्याचं, पण तो वीस वर्षांपूर्वी समुद्राकडे म्हणून गेला तो तिकडचाच झाला. एकोणिसाव्या वर्षी मेंढ्या कातरणाऱ्यांचा स्वयंपाक करायला आलेली नोरीन तोवर त्याच्या शेजारी उभी राहून सगळं काम शिकली होती. पाटीवरचं नाव तिनं बदललं नाही. "राहू दे त्याचंच," म्हणायची, "शिव्या त्याला पडतील."

तिचा एक नेम होता. गाडीतला तापमानाचा दिवा लागला, तर त्याला खोटं म्हणायचं नाही. एकदा घाईत तिनं एकाला सांगितलं होतं, "सेन्सर बिघडलाय, चालव बिनधास्त." सत्तर किलोमीटरवर त्याचं इंजिन जाम झालं. तो आणि त्याचा कुत्रा भर उन्हात सहा तास बसून होते. दोघंही वाचले, पण ते सहा तास नोरीनच्या मनातून गेले नाहीत.

जानेवारीतल्या, म्हणजे तिकडच्या भर उन्हाळ्यातल्या, एका मंगळवारी सकाळी सातला क्लेमची जुनी वॅगन दारात येऊन थांबली. क्लेम जन्मभर मेंढ्या कातरून कमरेत वाकलेला. शेजारी त्याची बायको डल्सी. तिच्या दोन्ही किडन्या निकामी झालेल्या, त्यामुळे आठवड्यातून तीनदा एकशे साठ किलोमीटरवरच्या इस्पितळात डायलिसिसला जावं लागे.

"पुन्हा लागला," क्लेम म्हणाला. "हमरस्त्यावर वीस किलोमीटर गेलो नाही तोच काटा लाल पट्ट्यात. हळूहळू माघारी आलो."

"थर्मोस्टॅट बदललास ना?"

"बदलला. मग इस्पितळाजवळच्या एका गॅरेजवाल्यानं रेडिएटर धुतला. तरी तेच. मग म्हणाला, सेन्सरची वायरच काढून टाक."

"काढलीस?"

"तू मारशील म्हणून नाही काढली."

इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. नोरीननं बॉनेट उघडून ठेवलं आणि चहा टाकला. आज उशीर होईल हे इस्पितळाला कळवायला क्लेम आत फोनकडे गेला. डल्सी पंख्याखाली खुर्चीत बसली होती, दंडावरच्या पट्टीशी चाळा करत.

"नोरीन," ती हळूच म्हणाली, "आज नाही सापडलं तरी चालेल."

"काय?"

"बिघाड. दिवा लागला ना, तेव्हा मला बरं वाटलं बघ. म्हटलं, चला, आजची सुई टळली."

नोरीन फडक्यानं हात पुसत होती. हात स्वच्छ झाले तरी ती पुसतच राहिली.

"क्लेमला माहीत आहे?"

"त्याला कोणत्या तोंडानं सांगू? पहाटे चारला उठून माझ्यासाठी सँडविचं बांधतो बिचारा."

"हे बघ डल्सी, मी गाडी मुद्दाम बिघडलेली ठेवणार नाही. सापडलं की दुरुस्त करणार. पण गाडी दुरुस्त झाली म्हणून तू तिच्यात बसलंच पाहिजेस असं नाही. ते त्याला तुझ्या तोंडानं सांग. माझ्या गॅरेजच्या आडून नको."

नोरीनला वाटलं, आपण फार कडक बोललो. पण शब्द परत घ्यावेत असंही तिला वाटेना.

क्लेम बाहेर आला. दोन वाजेपर्यंत पोचलं तर चालेल, असं नर्स म्हणाली होती.

इंजिन निवल्यावर नोरीननं झाकण उघडलं. कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, काठोकाठ होतं. हातपंपानं दाब देऊन पाहिला, गळती नाही. मग इंजिन चालू केलं. पंखा फिरला, पाण्याची वाट सोडणारा थर्मोस्टॅट वेळेवर उघडला, वरचा पाइप तापला. उष्णता मोजायचं यंत्र इंजिनावर रोखून पाहिलं, तर काटा दाखवत होता तेवढंच ते दाखवत होतं. म्हणजे सेन्सर खरंच बोलत होता. उभ्या गाडीत काही बिघाड नव्हता. तापायची ती वेगात.

"क्लेम, आत बस आणि रेस दे. अजून. अजून!"

खालच्या रबरी पाइपवर बॅटरीचा झोत धरून ती वाकली होती. इंजिन जोरात गुरगुरलं, तसा तो मनगटाएवढा पाइप आतून ओढला जाऊन चपटा झाला.

"सोड! ये, हे बघ."

क्लेमला आधी दिसेना. पुन्हा रेस दिल्यावर दिसलं.

"हा पाइप मिटू नये म्हणून आत स्प्रिंग असते," नोरीन म्हणाली. "तुझी गंजून गेलीय. वेगात पंप पाणी ओढतो आणि पाइप मिटतो. पाणीच नाही, तर इंजिन तापणार नाही तर काय?"

"नवा पाइप?"

"शुक्रवारी येईल."

क्लेमचा चेहरा पडला. नोरीन मागच्या अंगणात गेली. कुंपणाची जाड तार आणून तिनं एका लोखंडी नळीवर घट्ट वेढे दिले, टोकं आत वळवली आणि ती गुंडाळी पाइपात बसवली. कूलंट भरून रेस दिली. पाइप जरासुद्धा चपटा होईना.

ती क्लिपा आवळत असताना मागून डल्सीचा आवाज आला. "क्लेम, दिवा लागला की मला आनंद होतो."

नोरीननं मान वर केली नाही.

"नेहमीच?" क्लेमनं विचारलं.

"मंगळवारी जास्त. दोन दिवस सुटी मिळाल्यावर पुन्हा सुई."

"आधी बोलली असतीस तर..."

"तर काय केलं असतंस?"

क्लेम तिच्या खुर्चीजवळ आला. "काही नाही. पण ठाऊक तरी असतं. एवढा रस्ता शेजारी बसून जातो आपण, डल्स."

"आज जाऊ," ती म्हणाली. "तिथल्या डॉक्टरीणबाईंना मी विचारणार आहे, डायलिसिस थांबवायचं ठरवलं तर काय होतं ते. तू मधे बोलायचं नाहीस."

"नाही बोलणार."

पहिले पन्नास किलोमीटर नोरीन आपल्या ट्रकमधून त्यांच्या मागे गेली. शंभरचा वेग, बाहेर त्रेचाळीस अंश. वॅगनच्या खिडकीतून क्लेमनं अंगठा वर केला, तेव्हा ती वळली.

शुक्रवारी नवा पाइप आला. डल्सी पुढे दीड वर्ष डायलिसिसला जात राहिली. आता हवं तेव्हा थांबता येईल हे तिला ठाऊक होतं. मग जुलैत, तिकडच्या हिवाळ्यात, एक दिवस ती म्हणाली, पुरे. घरीच राहिली आणि अकराव्या दिवशी गेली.

महिन्याभरानं क्लेम तेल बदलायला आला. नोरीन गाडीखाली होती, तो जवळच उकिडवा बसला.

"त्या अकरा दिवसांत संत्री खाल्ली तिनं," तो म्हणाला. "किडनीला चालत नाहीत म्हणून तीन वर्षं तोंडाला लावू दिली नव्हती. पेटीच्या पेटी खाल्ली गं. सोलून सोलून माझी बोटं पिवळी झाली."