दुखणाबाईचा दवाखाना

अमरावतीत राजापेठेच्या बाजूला कुणालाही विचारा, प्रणाली डॉक्टरचा दवाखाना कुठं, तर माणूस डोकं खाजवतो. दुखणाबाई कुठं बसते विचारा, तर चहाच्या ठेल्यावरचं गिऱ्हाईकही कप खाली न ठेवता कोपरानंच रस्ता दाखवतं. पाटीवर पूर्ण नाव आहे, खाली फिजिओथेरपी लिहिलेलं आहे, पण पाटी वाचतो कोण. दुखणाबाई ही माझी आत्या. हे नाव तिला कसं लागलं आणि तिनं ते काढून कुणाच्या गळ्यात घातलं, त्याची ही गोष्ट.

आत्या मूळची अकोल्याची, आणि शाळेत असताना भाला फेकायची. शिकवायचे गजेंद्र सर. सरांची नक्कल आमच्या घरात सगळ्यांना येते, कारण आत्यानं आम्हाला ती पाढ्यांसारखी शिकवली आहे. आधी टाचा उचलायच्या. मग हनुवटी. मग वाक्याचं शेपूट धरून वर ओढायचं, बडनेऱ्याहून गाडी सुटताना भोंगा ओढतात तसं: "दुखते म्हंजे बनून राहिलंऽऽ!" दुखतंय म्हणजे अंग घडतंय, हे सरांचं आवडतं वाक्य. त्यांच्या मैदानावर शिव्या चालत, उशिरा आलेलं एखादवेळेस चालून जाई. स्वतःसाठी "दुखते" हा शब्द मात्र कुणी वापरलेला चालत नसे.

राज्याच्या निवडीचे दिवस होते. आत्याचं उजवं कोपर आतल्या बाजूनं कधीपासून पेटल्यासारखं होत होतं. आजी रात्री हळदीचा लेप लावी, सकाळी पोरगी भाला घेऊन हजर. एका सकाळी मात्र तिनं सांगून टाकलं, "सर, कोपर दुखून राहिलं."

सरांनी शिटी मारली. अख्खं मैदान गोळा केलं. म्हणाले, पाहून घ्या, आपल्या ग्राउंडवर दुखणाबाई आली. एवढ्यावर थांबले असते तरी एकवेळ चाललं असतं. पण त्यांनी तिला मधोमध उभं केलं आणि म्हणायला लावलं: मी दुखणाबाई. ती म्हणाली. पोरं हसली. ते हसणं आत्याला आजही एकेकाचं वेगळं करून दाखवता येतं. कोण नाकातून, कोण दात दाबून, कोण सरांकडे बघत बघत.

मग सरांनी भाला हातात दिला आणि फेक म्हटलं.

तिनं फेकला. कोपरात आत काहीतरी सुटलं, ओल्या सुतळीचा पीळ तुटावा तसा बारीक आवाज झाला, आणि भाला गेला. तिच्या आयुष्यात सगळ्यात लांब गेलेला भाला तोच. ती कोपर पोटाशी धरून खाली बसली. सर धावले. भाल्याकडे.

पुढं पुण्याला ऑपरेशन झालं. तिथल्या डॉक्टरांचीही नक्कल आहे आमच्याकडे, ती नाकातून, हळू आणि गोड करायची: "अगं, पण तुला कुणी थांबवलं कसं नाही?" कोपर जोडलं गेलं, पण हात पूर्ण सरळ काही झाला नाही. आजही पंगतीत वाढताना आत्याचा उजवा हात ताटाच्या थोडा अलीकडेच थांबतो.

ती फिजिओथेरपी शिकली. लोक विचारतात तेव्हा सांगते, खेळाडूंची सेवा करायची होती. घरात खरं सांगते. "सेवा गिवा काही नाही बापा. मले त्या माणसाच्या तोंडून तो एक शब्द ऐकाचा हाये. त्याच ग्राउंडवर, पोरायच्या समोर." आणि आपण विसरू नये म्हणून तिनं ते नाव स्वतःच चालू ठेवलं. फोन उचलला की, "बोला, दुखणाबाई बोलते." लोकांना वाटलं बाई मोठी गमतीदार आहे. नाव पसरलं. चांदूर रेल्वेचे गोलंदाज, गोळाफेकीच्या पोरी, सगळे येऊ लागले. आत्या सगळ्यांना एकच गोष्ट समजावून सांगते: फेक हातात सुरू होत नाही, पायात सुरू होते, कमरेतून चढते, पाठीच्या फऱ्यातून खांद्यात येते. मधला एक जण आळशी निघाला की त्याचं काम कोपराच्या डोक्यावर पडतं. आणि हे सांगून झालं की तिची ताकीद: "दुखलं की सांगजा. लगेच सांगजा." तिच्या दवाखान्यात हा शब्द बोलल्याशिवाय काही हलतच नाही.

मग गेल्या हिवाळ्यात एक दिवस दारात टाचा उचलून एक गृहस्थ उभे. डोक्यावर चांदी, उजवा हात खिशात खोचलेला. "दुखणाबाई इथंच बसतात काय? अकोल्यात लय नाव ऐकलं त्यायचं."

आत्या म्हणते, तिच्या हातातला रबरी पट्टा आपोआप ताणला गेला. सरांनी तिला ओळखलं नव्हतं. पोरगी विसरले होते, नाव विसरले होते, आणि स्वतःच ठेवलेलं नाव विचारत विचारत गाडीनं अमरावतीला आले होते. याचा राग तिला जुन्या रागापेक्षा जास्त आला. तिनं तो दाखवला नाही. खुर्ची पुढं केली.

सरांचं म्हणणं असं. दरवर्षी शाळांच्या क्रीडा मेळाव्याचा पहिला भाला तेच फेकतात, त्याशिवाय मेळावा सुरू होत नाही. पण दिवाळीच्या सुमारास पोरांना फेकून दाखवताना खांद्यात काहीतरी झालं आणि हात खांद्याच्या वर जाईना. मेळाव्याच्या आत हात झाला पाहिजे.

"दुखते का?" आत्यानं विचारलं.

"नाही."

"मंग तुमी बरे हा. या आता."

सर अकोल्याला परत गेले. पुढच्या आठवड्यात पुन्हा आले. आता त्यांनी शब्दांची तयारी करून आणली होती. जड वाटते म्हणाले. आत्या म्हणाली, जड असन तर वजन करून पाहू. मग म्हणाले खटकते. मग ओढल्यासारखं होते. मग कुरकुरते. शर्टाची बाही चढवताना बायकोला हाक मारावी लागते, इथपर्यंत आले, पण तो शब्द काही ओठाबाहेर येईना. बाकावर बसलेले पेशंट माना खाली घालून ऐकत होते. शेवटी सरांनी खिडकीकडे तोंड करून, कुणाच्या तरी तिसऱ्याच खांद्याबद्दल बोलावं तसं म्हटलं, "आता असं हाये मॅडम, की रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही."

आत्यानं त्यांना टेबलावर घेतलं. खांद्याच्या आतली स्नायूची एक दोरी अर्धवट फाटलेली होती. तिनं उपचार मात्र चोख केले, यात तिला बोल लावता येणार नाही. काखेत टॉवेलची घडी धरून रबरी पट्टा ओढायला लावला, भिंतीवर बोटांनी चढायला लावलं, फऱ्याचे व्यायाम दिले. हात हळूहळू कानापर्यंत आला. सर खूश झाले. मेळावा जवळ आला तसं विचारू लागले, भाला कधी? आत्या म्हणाली, आधी हलका चेंडू, आणि तो मी समोर उभी राहून फेकवणार. तुमच्याच ग्राउंडवर.

सरांना वाटलं, केवढी काळजी घेते बाई.

पुढचं मला वर्षालीनं सांगितलं. वर्षाली म्हणजे सरांची त्या वर्षीची सगळ्यात चांगली भाला फेकणारी पोरगी. तिनं सांगितलं तसंच लिहिते, आवाज तेवढे माझे.

सकाळची वेळ. पोरं रांगेत. आत्या बॅगेतून एक निळा रबरी चेंडू काढते आणि सरांच्या हातावर ठेवते. रांगेत कुणीतरी फिस्सकन हसतं. सर चेंडूकडे बघतात, रांगेकडे बघतात, आणि टाचा उचलतात. "हा काय पोरखेळ लावला मॅडम? भाला आणा रे."

"भाला नका घेऊ सर. खांदा तयार नाही," आत्या म्हणाली. एकदाच म्हणाली, आणि तेही दूध नासलंय सांगावं तितक्या साध्या आवाजात. अशा आवाजात सांगितलं की सर ऐकत नाहीत, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार.

सरांनी भाला घेतला. चार पावलं धावले. हात मागे गेला, वर आला, आणि कानाच्या जवळ जसा काही कुणी धरून ठेवला. भाला हातातून सुटला तो जवळच आडवा पडला, खराटा टाकावा तसा. सरांचा चेहरा चुन्यासारखा झाला. हात लोंबत होता.

"दुखलं?" आत्यानं विचारलं.

"नाही."

आत्यानं भाल्याकडे बोट केलं. मग तिनं टाचा उचलल्या. हनुवटी उचलली. आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकावरची कुत्री उठून बसावीत अशा आवाजात, भोंगा ओढत ओढत म्हणाली, "शाबास! दुखते म्हंजे बनून राहिलंऽऽ! आन अजून एक!"

कुणी हसलं नाही. आवाज हुबेहूब सरांचा होता आणि सर तर समोर गप्प उभे होते. वर्षाली म्हणते, सरांनी आधी आत्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग तिच्या बोट केलेल्या हाताकडे, जो कोपरात सरळ होत नव्हता. तिथं त्यांची नजर अडकली.

"प्रणाली का तू?"

"दुखणाबाई सर. नाव तुमीच ठेवलं. याच जागी."

सर भाला उचलायला वाकले. आता दुसरी फेक केली असती तर राहिलेली दोरीही गेली असती. आत्याला ते माहीत होतं आणि सरांनाही, कारण तिनंच त्यांना चित्र काढून समजावलं होतं. मी तिला विचारलं, उचलला असता तर थांबवलं असतंस का? तिनं मटकी निवडणं थांबवलं, जरा विचार केला आणि म्हणाली, "नाही."

सर अर्धवट वाकलेले तसेच राहिले. मग भाला न घेताच उभे झाले.

"दुखते," ते म्हणाले.

"मांगच्या पोरायले ऐकू नाही आलं सर."

"दुखते." या वेळी आवाज मोठा होता, पण शेपूट वर गेलं नाही. सपाट. स्वतःबद्दल म्हटलेल्या त्या शब्दाला त्यांच्या गळ्यात चालच नव्हती, म्हणून तो नुसताच पडला.

आणि मग रांगेतून वर्षाली म्हणाली, "सर, माह्यं बी दुखते. कोपर. आतल्या बाजूनं."

तिच्या मागच्या पोरानं खांदा सांगितला. त्याच्या मागच्यानं दोन्ही सांगितले. एकानं गुडघा सांगितला, त्याला आत्यानं रांगेच्या पुढं आणलं, फेक पायातच सुरू होते म्हणून. थोड्या वेळात मैदानावर कुणाच्या हातात भाला उरला नाही. मेळाव्याचा पहिला भाला त्या वर्षी कुणीच फेकला नाही. पाहुण्यांनी फुगे सोडले.

मी अशी कल्पना केली होती की आत्या घरी येऊन रडेल, किंवा म्हणेल, जाऊ दे, म्हातारा माणूस आहे. तसलं काही झालं नाही. ती येताना अकोल्याहून गरम कचोऱ्या घेऊन आली, आम्हाला सगळ्यांना समोर बसवलं आणि ते सपाट "दुखते" करून दाखवलं. आम्ही म्हटलं, पुन्हा. तिनं पुन्हा केलं. आजी म्हणाली, बस झालं आता, आणि मग स्वतःच म्हणाली, एकदा अजून कर.

वर्षाली वेळेत थांबली म्हणून तिचं कोपर वाचलं. ती दर आठवड्याला येते, आणि पुढच्या हंगामात फेकेल. सरही येतात, दुसरीकडे कुठं जाणार, खांदा आत्याच्याच हाताला लागलाय. त्यांच्या मैदानावर पोरांनी त्यांना नवं नाव ठेवलंय, आणि ते वऱ्हाडातल्या एखाद्या आडनावासारखं इतकं बेमालूम बसलंय की नव्या पोरांना ते खरंच वाटतं. ते आत्याला कळलं तेव्हा तिनं ते नुसतं लक्षात ठेवलं.

परवा बाक गच्च भरलेला होता. सर कोपऱ्यात, हात मांडीवर ठेवून बसलेले. आत्या पडदा बाजूला करून बाहेर आली, बाकावरून नजर फिरवली, आणि अख्ख्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणाली, "दुखणेसर, या. तुमचा नंबर."

सर उठले. आणि आत आल्यावर, तिनं विचारायच्या आधीच, म्हणाले, "दुखते."