धूर सरळ वर गेला होता

यल्लाप्पा मेस्त्री गेल्याचं मला लोंढ्याच्या लाकूड-डेपोत कळलं. सुप्याहून आलेल्या गाडीवानानं बैल सोडता सोडता सांगितलं, "तुमचं मेव्हणं गेलं की. काल दुपारी जेवून पडलं, ते उठलंच न्हाईत." मी मटकन ओंडक्यावर बसलो. लोकांना वाटलं, धक्का बसला. बसलाच होता, पण डोळ्यांत पाणी यायच्या आधी छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं वाटलं... खरं काय ते ठाऊक असलेला आता कोणी उरला नाही, असं. आपला माणूस गेला आणि मला हलकं वाटलं! महिना झाला, त्या हलकेपणाची लाज काही जात नाही. चौथीपर्यंतची शाळा आणि जन्मभराची ड्रायव्हरकी एवढ्यावर लिहायला बसलोय, तेव्हा सांभाळून घ्या.

मेस्त्री माझ्या बायकोचे, गंगूचे, थोरले भाऊ. मूळचे खानापूरकडचे, सुताराच्या घरातले, पण जीव सगळा लोखंडात. मी तेव्हा एका कंत्राटदाराची जुनी लॉरी चालवायचो. कुंभारवाड्याच्या रानात सागवान भरायचं आणि लोंढ्याला रेल्वेवर आणून टाकायचं. लॉरी म्हणजे नुसती रडतराऊ. सपाटीला बरी, चढ लागला की धापा टाकायची. मी तिला शिव्या द्यायचो आणि मेस्त्री तिच्याजवळ उकिडवे बसून कान देऊन ऐकत राहायचे. एक दिवस म्हणाले, इंजिनात खोट नाही, त्याचं नाक चोंदलंय. कार्बुरेटरमधून पेट्रोल आणि वारा चारी सिलिंडरांना वाटून देणारा जो बिडाचा नळ असतो, मॅनिफोल्ड म्हणतात तो, तो आमच्या लॉरीचा मुळातच अरुंद आणि वाकडातिकडा होता. दोन सिलिंडर पोटभर खायचे आणि दोन उपाशी राहायचे.

बेळगावात मोडीत निघालेल्या एका नव्या लॉरीचा रुंद मॅनिफोल्ड त्यांनी हुडकून आणला. त्याला खालून एक्झॉस्टची ऊब लागायची, म्हणजे आमच्या ओल्या रानातसुद्धा पेट्रोलचे थेंब नळातच साचून राहणार नाहीत. पण भोकं जुळेनात. मग मधे लोखंडी पट्टी आली आणि आठवडाभर कानस चालली. सांध्यातून वारा शिरू नये म्हणून पॅकिंगला तांबं हवं होतं. गंगूनं आपल्या लग्नातला तांब्या काढून दिला. मेस्त्रींनी तो कापला, सपाट ठोकला, लालबुंद तापवून पाण्यात बुडवला. तांबं त्यानं मऊ होतं म्हणे. तांब्याचं बूड तेवढं उरलं, त्याच्या कडा वळवून ते त्यांनी बहिणीला परत दिलं आणि सांगितलं, यात तांदूळ घाल, उदबत्ती खोवायला होईल.

उदबत्तीवरून आठवलं. सांधा गळतोय की नाही ते बघायची मेस्त्रींची रीत न्यारी होती. पेट्रोलचे डबे लांब ठेवायला लावायचे, इंजिन हळू चालू ठेवायचे आणि पेटती उदबत्ती सांध्याच्या कडेकडेनं फिरवायचे. कुठं फट असली तर धूर आत ओढला जायचा, नसली तर सरळ वर. वारा आत शिरला की ते म्हणत, "गाळी खाल्ली". गाळी म्हणजे कानडीत वारा. उळवीच्या जत्रेला निघालेली माणसं रस्त्यात थांबून त्या इंजिनाला भक्तिभावानं हात जोडायची. मेस्त्री गालातल्या गालात हसून म्हणायचे, जोडा की, तेवढंच पेट्रोल कमी पिईल.

नवा मॅनिफोल्ड बसवला त्या दिवशी धूर सरळ गेला आणि लॉरीचं सोनं झालं. ज्या चढाला पहिल्या गेरमध्ये रडत जायचो, तो दुसऱ्यात सहज निघू लागला. माझ्या डोक्यात वारं शिरलं ते तेव्हा. पंधरा दिवसांनी जंगलचा एक मुकादम शेजारी बसला होता. त्याच्यापुढं मिशीला पीळ देत मी म्हटलं, आज तिसऱ्यात काढून दाखवतो. लॉरी भरलेली होती. वळणापाशी इंजिन कण्हायला लागलं, गेर खाली घे म्हणून सांगतच होतं ते, पण मी हट्टाला पेटलो. इंजिन बंद पडलं. ब्रेकला ओझं आवरलं नाही, लॉरी मागं गेली, ओंडके बांधलेली साखळी तुटली आणि घसरलेल्या ओंडक्याखाली मागं बसलेल्या देवू नावाच्या मजुराचा पाय सापडला. पाय गेला त्याचा. मुकादम आडवाटेनं पळाला तो पुन्हा दिसलाच नाही, साक्ष द्यायला कशाला येतोय!

कंत्राटदारानं विचारलं, काय झालं? माझ्या तोंडून निघून गेलं, "गाळी खाल्ली इंजिनानं."

दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर मेस्त्रींनी इंजिन चालू केलं आणि उदबत्ती लावली. कंत्राटदार आणि मजूर लांब उभे होते, मी जवळ. तांब्याच्या त्या सांध्यावरून उदबत्ती या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. धूर सरळ वर. मेस्त्रींनी मान वर करून माझ्याकडं एकदाच बघितलं... मग उदबत्ती मडगार्डवर विझवली आणि कंत्राटदाराला म्हणाले, "गळतंय. पॅकिंग माझं चुकलं." माझी नोकरी गेली असती तर त्यांची बहीण उपाशी पडली असती, एवढाच हिशेब त्यांनी केला असणार. आणि मी? मी खाली मान घालून उभा राहिलो.

त्यानंतर त्यांच्याकडं कुणी इंजिन आणलं नाही. ज्याच्या कानाला चारी सिलिंडरांचं बोलणं कळायचं, तो माणूस बैलगाड्यांच्या चाकांना लोखंडी धावा बसवत म्हातारा झाला. दर सुगीला देवूच्या घरी भात पोचतं करायचे, न चुकता. एकदा उळवीच्या वाटेवर मी धीर करून म्हटलं, मेस्त्री, त्या दिवशी... त्यांनी मला पुढं बोलूच दिलं नाही. "दाजी, चढ मागं पडला न्हवं? मग आता गेर कशाला बदलता?" म्हणाले, आणि पुढं चालू लागले. मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. गंगू मात्र भावाशी पहिल्यासारखी कधीच बोलली नाही. तो घरी आला की वाढायची, पण समोर बसायची नाही. तुझ्या हलगर्जीपणानं माझा नवरा मेला असता, असं एकदा तोंडावर म्हणाली. मेस्त्री भाकरी मोडत राहिले. मीही तिथंच जेवत होतो.

बाराव्याहून परत आलो त्या संध्याकाळी मी रोजच्यासारखी देवापुढं उदबत्ती लावत होतो. गंगू मागून म्हणाली, "अण्णाच्या हातनं जन्मात एकच चूक झाली. मी ती धरून बसले. मी त्याला माफ करायला हवं हुतं." वळलो आणि सगळं सांगून टाकलं. तिसरा गेर, मुकादम, माझं खोटं.

तिनं एवढंच विचारलं, "तवा धूर सरळ गेलता?"

"व्हय. सरळ."

रडली नाही, भांडली नाही. पुढं येऊन माझ्या हातातली उदबत्ती काढून घेतली आणि तांब्याच्या त्या बुडात स्वतः खोवली. तेव्हापासून रोज तीच लावते. मी जोत्यावर बसून बघतो. ती मला आत बोलवत नाही.