सहाच्या सुमाराचा फोन

माझे सासरे पोलादपूरच्या वर, डोंगरावरच्या वाडीत राहायचे. घरात फोनला रेंज नव्हती. म्हणून गुरं गोठ्यात बांधून झाली की ते मागचा चढ चढून पाण्याच्या टाकीपाशी जायचे आणि तिथून आम्हाला व्हिडिओ कॉल लावायचे. सहाच्या सुमाराला. आम्ही बिरवाडीत एका खोलीत भाड्याने राहतो. नवरा कारखान्यात, मी घरी ब्लाउज शिवते.

मुलगी दोन वर्षांची असताना मीच तिच्या हातात फोन दिला. नवरा रात्रपाळी करून सकाळी यायचा आणि दुपारपर्यंत झोपायचा. तिने नुसतं भांडं पाडलं तरी तो दचकून उठायचा. कार्टून लावून दिलं की ती जागची हलत नसे. शेजारीण म्हणायची, "तुमच्या पोरीचा आवाजच येत नाय." मला ते कौतुक वाटायचं. दुपारी नवरा उठला तरी फोन तिच्याकडेच राहू लागला, कारण मलाही शिलाई उरकायची असायची.

संध्याकाळी सासऱ्यांचा फोन आला की कार्टून थांबायचं. आधी ती रडायची. चौथ्या वर्षी तिला कॉल कापता येऊ लागला.

"कुणाचा होता गं?" मी विचारायची.

"आजोबांचा."

"मग कापलास का?"

"माझं चाललंय ना!"

मी मशीनवरून उठत नसे. नंतर लावू, म्हणायची. नंतर लावला तर ते खाली घरी पोचलेले असायचे, फोन लागायचा नाही.

कधीतरी बोलणं व्हायचं. ते म्हणायचे, "काय करतेस गो बाय? हिकडं बघ की. शेळी याली आपली. दोन पिल्लं हायत." ती तोंड फिरवायची आणि "झालं का?" विचारायची. मी ओरडले की तेच मला समजवायचे, "राहू दे सूनबाय. ल्हान हाय ती." दुसऱ्या दिवशी पुन्हा चढ चढायचे.

श्रावण संपता संपता एका सकाळी वाडीवरच्या जाऊबाईंनी टाकीपाशी जाऊन फोन केला. सासऱ्यांच्या अंगावरून वारं गेलं होतं. त्यांना महाडला दवाखान्यात आणलं. उजवी बाजू गेली होती आणि वाचाही. दवाखान्याच्या व्हरांड्यात नातेवाइकांना कळवायला मी फोन उघडला. कॉलच्या यादीत त्यांचंच नाव खालपर्यंत दिसत होतं, आणि बहुतेक कॉल कापलेले. आदल्या संध्याकाळचाही एक होता. तो आलेला मला माहीतही नव्हता. मी फोन पालथा करून मांडीवर ठेवला. कुणाला काय कळवायचं होतं तेच सुचेना.

दिवाळीत आम्ही वाडीवर गेलो, तोवर त्यांना घरी आणलं होतं. मुलीला घेऊन मी तीन आठवडे राहिले. पहिल्याच दिवशी तिला त्यांच्या खाटेपाशी नेलं. त्यांनी डावा हात उचलला, घशातून कसलातरी आवाज काढला. ती घाबरून माझ्या मागे लपली आणि म्हणाली, "हे आजोबा नाहीत."

त्यांना ऐकू येत होतं, समजतही होतं. डोळ्यातलं पाणी कानाकडे ओघळलं. मी पदराने पुसलं. माफी मागायची होती, पण मी त्यांची उशीच नीट करत बसले.

तिथे तिला फोन मिळणार नव्हता. चार दिवस तिने टाचा आपटल्या, जेवणाचं ताट ढकललं. पाचव्या दिवशी कंटाळून ती खाटेजवळ जाऊन बसली. त्यांनी डाव्या हाताने खाटेवर टकटक केलं. तिनेही केलं. मग त्यांनी दोनदा, तिने दोनदा. आठवड्याभरात ती त्यांना चमच्याने पेज भरवायला लागली. "आजोबा, आ करा. सांडू नका हां." दिवसभर तिची बडबड चालायची. तिच्या तोंडून एवढं बोलणं मी कधी ऐकलं नव्हतं. ते नुसते बघत राहायचे.

परत आल्यावर मी फोन मशीनच्या खणात ठेवायला लागले. तिचं सुटावं म्हणून आधी माझं सोडावं लागलं. शिलाईतून उसंत मिळाली की माझाच हात खणाकडे जायचा. तिला चिंध्या दिल्या, बाहुलीचे कपडे शिवायला शिकवलं, बाहेर मुलांत खेळायला सोडलं. गलका व्हायचा. नवरा कानात कापूस घालून झोपायला लागला. "रडली तर रडू दे," म्हणाला. बरेच महिने गेले. मधेमधे मी हरले आणि फोन दिलाही.

सासरे होळीनंतर गेले. वाचा परत आली नाही.

मुलगी आता पहिलीत आहे. परवा गादीवर चादर घालताना तिने विचारलं, "आई, आजोबा बोलायचे तेव्हा आवाज कसा होता?"

मी घसा खाकरून, आवाज जाड करून बघितला. जमलं नाही. पुन्हा बघितला. त्यांचा आवाज थोडा चिरका होता, शेवटाला वर जायचा, हे मला आठवत होतं, पण गळ्यातून येत नव्हतं.

ती खुदकन हसली. तिला वाटलं, मी गंमत करतेय.