प्रॉक्सीचा वहीम

महाळुंग्याच्या नानासाहेबांचा जन्मच मुळी संशय घ्यायला झालाय, असं त्यांची सून स्वरूपा हसत सांगायची. दूधवाल्यानं माप भरून दिलं तरी नाना म्हणणार, "आज लई दिलं, कुठं तरी पाणी मुरतंय." बापजाद्यांच्या जमिनीवर त्यांनी शेड टाकली, गाड्यांचे पार्ट बनवायला सुरुवात केली, पुढच्या बाजूला आठ-दहा माणसांचं ऑफिस थाटलं. त्यामुळं संशय घ्यायला घराबाहेरचीही माणसं मिळाली.

ऑफिसचे हिशेब सुमनताईंकडे होते. बाई लातूरकडची, नवऱ्याच्या नोकरीपायी इकडं आलेली, शेड उभी राहिली तेव्हापासून इथंच. नानांनी उभ्या आयुष्यात घराबाहेर कुणावर थोडाफार विश्वास टाकला असेल तर तो या बाईवर, आणि तोही तिला कळू न देता.

तो विश्वास एका मेलनं हलला. त्यांच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाईक कंपनीनं कळवलं होतं, की तुमच्या ऑफिसच्या इंटरनेटच्या पत्त्यावरून कुणीतरी आमच्या सिस्टिममध्ये घुसायला बघतंय. ते थांबवा, नाहीतर ऑर्डर थांबेल.

"कोन हाय त्यो?" नानांनी सुनेला विचारलं. कॉम्प्युटरचं सगळं तीच बघायची.

"तेच तर कळत नाही, नाना. आपल्याकडे साधा राउटर आहे. आतल्या सगळ्या कॉम्प्युटरांचे पत्ते बदलून तो सगळ्यांना एकाच पत्त्यानं बाहेर पाठवतो. बाहेरच्याला एवढंच दिसतं, की नानासाहेबांच्या ऑफिसातून कुणीतरी आलंय."

नानांना आधी हे बरंच वाटलं. सगळ्यांनी एकाच घराचं नाव सांगून बाहेर पडायचं, यात वावगं काय? मग एकदम डोक्यात उजेड पडला. नाव घराचं, पण उद्योग कुणाचा? आणि शंकेची पाल चुकचुकली. सुमनताईंचा मुलगा गणराज नुकताच तळेगावच्या एका कारखान्यात लागला होता, आणि तो कारखानाही हेच पार्ट काढायचा.

झालं! पाणी प्यायच्या निमित्तानं नाना ताईंच्या पाठीमागून फेऱ्या मारू लागले. ताईंचा फोन वाजला, की इकडं केबिनचं दार किलकिलं व्हायचं. असा राग येतो अशा माणसाचा, पण मालकाला सांगणार कोण? ताईंनी काही दिवस सोसलं आणि एका सकाळी सरळ केबिनमध्ये आल्या.

"साहेब, माझ्यावर संशय हाय ना? मग तोंडावर म्हणा. न्हाई तर स्वरूपा मॅडम म्हणतात ती प्रॉक्सी बसवा. कोण बाहेर जातंय ते नावानिशी कळंल. माझं नाव आलं तर मी त्याच पावली जाते."

"प्रॉक्सी?" नाना ताडकन उठले. "माझ्या कंपनीत प्रॉक्सी?"

त्यांचंही काही अगदीच चुकलं नव्हतं म्हणा. मागच्याच वर्षी शेडमधले दोघं एकमेकांची हजेरी लावताना सापडले होते. एकानं दोघांचं कार्ड पंच करायचं, दुसऱ्यानं घरी ताणून द्यायची. या लबाडीला सगळी शेड 'प्रॉक्सी मारणं' म्हणायची. आणि आता हिशेबाची बाईच म्हणतेय, प्रॉक्सी बसवा! नानांचा वहीम पक्का झाला.

आवाज ऐकून स्वरूपा धावत आली. "नाना, ही ती प्रॉक्सी नव्हे. हिच्यात कुणाला परस्पर बाहेर जाताच येत नाही. ज्यानं त्यानं आधी आपलं नाव आणि पासवर्ड सांगायचा, मग त्याच्या वतीनं ती बाहेर जाऊन हवं ते घेऊन येते. आपला मुखत्यारच समजा."

बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. नानांच्या चुलतभावानं मुखत्यार होऊनच रस्त्याकडची जमीन परस्पर फुंकली होती. त्या घरात हा शब्द कुणी काढत नसे.

"प्रॉक्सी न्हाई आन् मुखत्यार बी न्हाई!" नाना कडाडले. "हाय त्योच राउटरचा डबा ऱ्हाऊ द्या. ज्याला जायाचं त्यानं खुशाल जावं."

ताई जागेवर जाऊन बसल्या. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. स्वरूपाला ते बघवेना. घरी नानांचा चहा झाल्यावर तिनं हळूच विषय काढला.

"नाना, इंटरनेटला वॉचमन बसवू का? नाव विचारल्याशिवाय कुणाला गेटबाहेर सोडणार नाही."

"आता कशी बोललीस! बसीव की. समद्यांना इचारू दे. मला बी!"

वस्तू तीच, नाव तेवढं तिसरं. शनिवारी सकाळी वॉचमन रुजू झाला. जो तो इंटरनेट उघडायला गेला, की स्क्रीनवर नाव विचारणारी चौकट येऊ लागली. नाना केबिनच्या दारात उभे राहून ताईंच्या स्क्रीनवर डोळे लावून होते. ताईंनी नाव टाकलं, बँकेचं काम केलं, पान मिटलं. बाकी काही नाही.

"नाना, तुमच्या कॉम्प्युटरवर कोण बसलंय?" केबिनमधून स्वरूपानं विचारलं.

"कोन बसंल? मी तर हितं हुबा हाय."

नानांच्या रिकाम्या खुर्चीसमोर चौकट उघडली होती. स्वरूपानं ती मिटली, ती परत आली. कुणाचा हात लागलेला नसताना आतून काहीतरी बाहेर पडायला धडपडत होतं, आणि जायचं होतं ते त्या गिऱ्हाईक कंपनीकडेच. शोधल्यावर तिला एक फुकटातला प्रोग्रॅम सापडला. 'तुमची माणसं काय करतात ते गुपचूप बघा' असं त्याच्यावर लिहिलं होतं. चोर त्याच्याच पोटात होता.

"हे तुम्ही घेतलंत?"

"दिवाळीत घेतलं व्हतं," नाना पुटपुटले. "समद्यांवर नजर ठेवाया. चाललंच न्हाई त्ये."

लाज वाटली त्यांना, खरीखुरी लाज. ते स्वतः ताईंच्या टेबलापाशी गेले. सगळं ऑफिस बघत होतं.

"ताई, त्यो माझाच कॉम्प्युटर व्हता. तुमी न्हवता."

"मी न्हवते ते मला ठावं होतं, साहेब," ताई म्हणाल्या. "तुमालाच न्हवतं." त्यांनी पर्स खांद्याला लावली. "सोमवारपासून मी येणार न्हाई."

थांबा म्हणायला नानांनी तोंड उघडलं. पण त्या घडीलाही त्यांच्या मनात पहिला विचार आला तो हाच, की बाईनं दुसरी नोकरी आधीच बघून ठेवलेली दिसतीय. तोवर ताई गेटबाहेर पडल्या होत्या.