वन्संचे लाल जोडे

आमच्या वन्सं घरात शिरल्या की सारवलेल्या जमिनीवर लाल पावलं उमटत. जोडे त्या दाराबाहेरच काढत, पण त्यांचा कच्चा रंग घामानं तळव्यांना लागलेला असे. सारवायचं मी आणि मिरवायचं यांनी! पन्नास-बावन्न सालचं नाचणगाव ते. बायका अनवाणी हिंडत, फार तर काळ्या वहाणा घालत. आणि विशीच्या आत विधवा होऊन माहेरी परतलेली माझी ही नणंद वर्ध्याच्या बाजारातून लालभडक जोडे घेऊन आली.

सासूबाई कपाळ बडवून घेत. "लाल काऊन घेतले वं? लोकं काय म्हनतीन?"

"माय, लाल सोडाची बोली कपायाची झालती. पायाची कोनं केली?" वन्सं म्हणत. हे ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड होई.

अशात वर्ध्याच्या एका बिजवर मास्तरांचं स्थळ आलं. खादी घालणारे, सुधारक, विधवेशीच लग्न करीन म्हणणारे. असं स्थळ पुन्हा कुठलं यायला! ते यायच्या दिवशी मी जोडे ज्वारीच्या कोठीत लपवले आणि वन्संना म्हटलं, "आज काई बोलू नका, हात जोडते."

पण पाहुण्यांसाठी बैठकीची जमीन मीच ताजी सारवली होती. वन्सं चहा घेऊन गेल्या आणि त्या ओलीवर त्यांची लाल पावलं दारापासून मास्तरांपर्यंत उमटली.

मास्तरांनी विचारलं. वन्संनी खरं ते सांगितलं. मास्तर नम्रपणे म्हणाले, "लग्नानंतर कुंकू लावाच. लाल लुगडंही नेसा. जोडे तेवढे सोडून द्या, लोकांना बोलायला जागा नको."

"कुकू तुमच्या नावाचं राहीन," वन्सं म्हणाल्या. "जोडे माया पसंतीचे हायेत. ते नाई सोडत."

मास्तर चहा संपवून उठले. पुन्हा आले नाहीत.

संध्याकाळी मी वन्संना फाडफाड बोलले. जोड्यांपायी संसार लाथाडणारी बाई मी तरी पाहिली नव्हती. तूर निवडत त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांचा हात थांबला.

"वहिनी, मले इथं ठेवसान ना जन्मभर?"

"तं कुठं जासान?" मी खेकसले. "तूर निवडा!"

त्या जन्मभर राहिल्या आणि मी जन्मभर चिडत राहिले. मागच्या साली त्या गेल्या. आता या घरात इतकं मनापासून चिडावं, असं माणूसच उरलेलं नाही.